डिसेंबरची हाफ ट्रेनिंग रन म्हणून धावायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला नवी मुंबईत सीवूड्सला, जानेवारीत टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये पहिली फुल (४२ किलोमीटर), आणि त्याच्या पाच आठवडे आधी घराजवळ पाम बीच रोडवर एक हाफ (२१ किलोमीटर) आहे, तिचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेऊन झालाय. प्लॅनमध्ये मात्र त्या रविवारी २६ किलोमीटरचा लाँग रन लिहिलाय. हाफचा आत्तापर्यंतचा बेस्ट २ तास ८ मिनिटं. मग हाफ सोडायची, का जोर लावून धावायची, का सगळे म्हणतात तशी ‘ट्रेनिंग रन’ म्हणून धावायची, आणि तसं असेल तर वरचे पाच किलोमीटर कुठे घालायचे?

हाफ धावा, सोडू नका. पण ट्रेनिंग रन म्हणूनच, आणि ते पाच किलोमीटर रेसच्या आधी, नंतर नाही. आता का आणि कसं ते सविस्तर सांगतो, कारण दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आमच्या ग्रुपमध्ये हाच प्रश्न येतो आणि ‘ट्रेनिंग रन आहे हो माझी’ असं म्हणणाऱ्यातले निम्मे लोक प्रत्यक्षात रेस मारून येतात, मग पुढचे दोन आठवडे पोटरी धरून बसतात.

आधी आकडे बघू. हाफच्या टाइमवरून फुलचा अंदाज काढायचा एक जुना फॉर्म्युला आहे, पीटर रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७७ मध्ये मांडलेला. अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट होत नाही, साधारण २.०८५ पट होते. तुमच्या २:०८ ला तेवढ्याने गुणलं की ४ तास २७ मिनिटांच्या आसपास येतं. पण हा फॉर्म्युला असं धरून चालतो की दोन्ही अंतरांसाठी तुमची तयारी सारखीच आहे आणि हवा सारखीच आहे. पहिल्या फुलला या दोन्ही गोष्टी नसतात. त्यात आपली हवा दमट, जानेवारीत पहाटे बरं वाटतं पण फुल पाचच्या सुमाराला सुटते आणि सूर्य सव्वासातच्या आसपास वर येतो, म्हणजे साडेचार तासवाल्या माणसाला शेवटचे दोन-अडीच तास उन्हात काढायचेत. म्हणून माझ्या मते तुमचं टार्गेट ४:४० धरा. म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ३८ सेकंद, हा तुमचा पेस. हा आकडा डोक्यात ठेवा, खाली सगळीकडे हाच लागणार आहे. तुमचा आरामाचा लाँग रन पेस मग ७:१५ ते ७:३० च्या मध्ये कुठेतरी असायला हवा, आणि जर सध्या तुम्ही सगळे लाँग रन ६:४० ने मारत असाल तर हाफच्या आधी तेच थांबवा.

आता हाफ जोर लावून का नको. हाफमध्ये खरंच जीव तोडून धावलं की पायांच्या स्नायूंचं जे नुकसान होतं ते भरून यायला बऱ्याच जणांना दहा-बारा दिवस लागतात, जुने धावपटू म्हणायचे की रेसच्या प्रत्येक मैलामागे एक दिवस सांभाळून काढा, हाफचे तेरा मैल म्हणजे तेरा दिवस. आता कॅलेंडर समोर ठेवा. फुल जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. हाफ त्याच्या पाच आठवडे आधी. तुमचा सगळ्यात मोठा रन, ३० किंवा ३२ चा, फुलच्या तीन आठवडे आधी, म्हणजे नाताळच्या सुट्टीतल्या रविवारी. तिथून पुढे टेपर, म्हणजे धावणं हळूहळू कमी करत जायचं. म्हणजे हाफ आणि सगळ्यात मोठ्या रनमध्ये फक्त दोन आठवडे आहेत. हाफमध्ये पीबी (स्वतःचा बेस्ट टाइम) मारून आलात तर ते दोन आठवडे दुरुस्तीतच जाणार, मधले वर्कआउट गेले, आणि ३२ ला तुम्ही थकलेले पाय घेऊन उभे राहणार. पहिल्या फुलसाठी तो ३२ हाफच्या पीबीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

आमच्या ग्रुपमधल्या एकाचं असंच झालं. नेरूळमध्ये राहतो, अतिशय शिस्तीचा माणूस, आठवड्याचे किलोमीटर कधी चुकवत नाही. डिसेंबरच्या हाफला ‘आरामात धावणार’ म्हणून उभा राहिला, सुटताना पुढच्या होल्डिंगमध्ये (सुटण्याआधी उभं राहायच्या जागेत) मित्र दिसले म्हणून त्यांच्यात गेला, तिसऱ्या किलोमीटरला दोन तासांच्या पेसरची बस, म्हणजे झेंडा घेऊन ठरलेल्या पेसने धावणारा पेसर आणि त्याच्या मागचा घोळका, बाजूने गेली आणि हा तिच्या मागे लागला. टाइम जबरदस्त आला, ग्रुपवर फोटो, सगळ्यांनी अभिनंदन केलं. मंगळवारी पोटरी आखडली, नाताळचा ३२ अठराव्या किलोमीटरला सोडावा लागला आणि जानेवारीत पेडर रोडच्या चढावर तो चालत होता. त्याच्यात ताकद कमी होती असं अजिबात नाही. रेस सुरू व्हायच्या आधी त्याने हे ठरवलंच नव्हतं की आज नक्की काय करायचंय, ‘आरामात’ हा काही आकडा नाही.

म्हणून माझा आग्रह असा की हाफच्या निदान दोन दिवस आधी एक आकडा ठरवा आणि तो घरी किंवा ग्रुपमध्ये कुणालातरी सांगून ठेवा. तुमच्यासाठी माझा प्लॅन असा. सुरू व्हायच्या आधी पाच किलोमीटर ७:१५ ते ७:३० ने. मग रेस सुरू झाली की पहिले आठ किलोमीटर ७:१५ ने, एकदम आरामात, बोलत. आठ ते अठरा, हे दहा किलोमीटर तुमच्या मॅरेथॉन पेसने, म्हणजे ६:३८ ने. अठरापासून फिनिशपर्यंत परत ७:१५. हिशोब करून बघा, हाफचा टाइम २ तास २७ मिनिटांच्या आसपास येतो. म्हणजे तुमच्या बेस्टपेक्षा एकोणीस मिनिटं जास्त. तो २:२७ हाच त्या दिवसाचा यशस्वी टाइम. कुणी विचारलं तर सांगा की ठरवला होता तसाच आला. २:१५ आला तर तो दिवस बिघडला असं समजा, कारण तुम्ही मधले सगळे किलोमीटर ठरल्यापेक्षा जास्त ओढलेत.

पेसरच्या बसचा इथे छान उपयोग होतो. अडीच तासांच्या बसचा पेस साधारण ७:०७ पडतो, म्हणजे तुमच्या पहिल्या आठ किलोमीटरपेक्षा किंचित जलद. त्या बसच्या थोडं मागून सुरू करा, झेंडा दिसत राहिला पाहिजे पण बसमध्ये घुसायचं नाही. आठव्या किलोमीटरपर्यंत बस तुमच्या मिनिटभर पुढे असेल, नंतर तुम्ही ६:३८ ला आलात की दोन-तीन किलोमीटरमध्ये आपोआप तिला मागे टाकाल आणि तेव्हा फार छान वाटतं, हे मी ग्रुपमधल्या बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलंय. आणि २:१५ च्या बसचा झेंडा जर जवळ दिसायला लागला तर काहीतरी चुकतंय, तिचा पेस ६:२४ आहे, तिथे तुमचं काही काम नाही.

घड्याळाबद्दल एक गोष्ट. चालू क्षणाचा पेस बघू नका, जीपीएसचा तो आकडा फ्लायओव्हरखाली किंवा उंच बिल्डिंगच्या बाजूला कसाही उड्या मारतो. लॅप पेस, म्हणजे चालू किलोमीटरचा सरासरी पेस, लावा, ऑटो लॅप एक किलोमीटरचा. जमत असेल तर पेसचा अलर्ट लावून ठेवा, पहिल्या आठमध्ये ७:०५ पेक्षा जलद झालं की मनगटावर व्हायब्रेट झालं पाहिजे. आणि घड्याळात अंतर २१.०९७५ पेक्षा दोन-चारशे मीटर जास्त दाखवेल, त्यावरून आयोजकांना बोलू नका, कोर्स सगळ्यात आतल्या रेषेने मोजलेला असतो आणि आपण गर्दीत वळणं बाहेरून घेतो, माणसांना ओलांडताना आडवे जातो. फुललाही तसंच होणार आहे. म्हणून ४:४० साठी घड्याळात ६:३८ दिसून पुरत नाही, ६:३४-६:३५ दिसावं लागतं, हे त्या दिवशीच नीट लक्षात येईल.

आता पाच किलोमीटर आधी का. बहुतेक लोक म्हणतात, रेस संपल्यावर पाच मारतो. नाही मारत. फिनिश लाइन ओलांडली, गळ्यात मेडल पडलं, हातात पोह्याची पुडी आणि केळं आलं, फोटो काढायला मित्र थांबलेत, डीजे चालू आहे, अशा वेळी परत घड्याळ चालू करून गर्दीतून उलट्या दिशेने पाच किलोमीटर धावायला निघणारा माणूस मी क्वचितच बघितलाय. आणि निघालात तरी मध्ये वीस मिनिटं गेलेली असतात, ऊन चढलेलं असतं, पाय गार पडलेले असतात, रस्ता गाड्यांना मोकळा झालेला असतो. आधी पाच मारलेत तर दोन फायदे. एक म्हणजे फिनिश हाच फिनिश, तिथे तुमचे २६ पूर्ण. दुसरा फायदा मला जास्त मोठा वाटतो: सगळे ताजे पाय घेऊन उड्या मारत उभे असताना तुमचे पाय थोडे जड झालेले असतात, पहिल्या दोन किलोमीटरमध्ये जी गर्दीबरोबर वाहत जायची ओढ असते ती आपोआप कमी होते. रेसच्या शेवटच्या किलोमीटरला तुम्ही खरं तर सव्वीसाव्याला असता, आणि फुलची तयारी तिथेच होते.

यासाठी वेळेचं गणित मात्र नीट बसवावं लागतं. समजा हाफ सहाला सुटणार आहे. पाच किलोमीटरला तुम्हाला छत्तीस-सदतीस मिनिटं लागतील. पाच वाजता धावायला सुरुवात, पाच-चाळीसपर्यंत संपलं, दोन घोट पाणी, टॉयलेट, आणि पावणेसहाला होल्डिंगमध्ये. वीस मिनिटांच्या वर गॅप ठेवू नका. तुम्ही सीवूड्सला राहता म्हणजे स्टार्ट नेरूळ-बेलापूरच्या बाजूला असेल तर सगळ्यात सोपं, घरातूनच धावत जा, तेच तुमचे पाच, गाडी काढायची नाही, पार्किंग शोधायचं नाही. फक्त अंधारात पाम बीचच्या मेन कॅरेजवेवरून जाऊ नका, रस्ता बंद व्हायच्या आधी तिथे गाड्या फार सुसाट जातात. आतल्या सेक्टरच्या रस्त्यांनी जा, किंवा ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या बागेच्या बाजूने, आणि चमकणारी पट्टी किंवा छोटा लाइट अंगावर असू द्या. लांबून येणार असाल, म्हणजे ठाण्याहून वगैरे, तर बॅगेज काउंटर किती वाजता उघडतं ते ईमेलमध्ये आधीच बघून ठेवा, नाहीतर बॅग पाठीवर घेऊन पाच किलोमीटर धावावं लागेल.

आता खरा मुद्दा, हाफमध्ये असं काय मिळतं जे तुम्हाला एकट्याने २६ मारून मिळणार नाही. रविवारी सकाळी पाम बीचवर तुम्ही एकट्या माणसासारखे धावता, बाटली स्वतःची, थांबायचं तेव्हा थांबता, सिग्नल आला की श्वास घेता. जानेवारीत यातलं काहीच नसणार. हाफ ही जानेवारीची रंगीत तालीम आहे, आणि तालमीत सगळं खरं वापरायचं. तेच शूज जे फुलला घालणार, निदान शंभरेक किलोमीटर झालेले. तेच मोजे, तोच टीशर्ट. एक्स्पोमध्ये, म्हणजे बिब वाटतात तिथे, मिळालेला नवा इव्हेंट टीशर्ट घालून धावू नका, शिवण कुठे घासेल ते सांगता येत नाही आणि आपल्या घामात दोन तासांनी काखेत, मांड्यांमध्ये, छातीवर रक्त येईपर्यंत सोलतं. व्हॅसलिन भरपूर, पुरुषांनी छातीला टेप लावलीच पाहिजे.

उठणं पण तेच. फुलला तुम्हाला सीवूड्सहून सीएसएमटीला पाचच्या आत पोचायचंय म्हणजे अडीचला उठणं आलं. हाफच्या दिवशी तीनला उठा, साडेतीनपर्यंत जे फुलच्या दिवशी खाणार तेच खा. कुणाला ब्रेड-पीनट बटर चालतं, कुणाला केळं आणि दोन खजूर, कुणाला थोडासा उपमा. आमच्याकडे एक जण फक्त दोन पोळ्या आणि गूळ खातो आणि त्याचं पोट कधी बिघडत नाही. काय खाल्लं याला फार महत्त्व नाही, ते तुमच्या पोटात अडीच-तीन तासांत खाली जातंय का आणि पहाटे पोट साफ होतंय का, हे तपासायला तो दिवस आहे. आदल्या रात्री बाहेरचं जेवण नको, लग्नाचा सीझन असतो डिसेंबरमध्ये, आमंत्रण आलंच तर जाऊन अक्षता टाकून या, जेवायला घरी.

एनर्जी जेलचं (धावताना खायच्या साखरेच्या घट्ट पाकाचं) पण इथेच शिकायचं. फुलला तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, एका जेलमध्ये बहुतेक वीस-पंचवीस ग्रॅम असतं, म्हणजे दर ३५-४० मिनिटांनी एक. हाफच्या दिवशी तुम्ही आधीचे पाच धरून तीन तास धावणार आहात. रेस सुटायच्या दहा मिनिटं आधी एक, मग सहाव्या, अकराव्या आणि सोळाव्या किलोमीटरच्या आसपास एकेक. घड्याळाकडे बघून घ्या, भूक लागल्यावर नाही, भूक लागते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि जेल नेहमी साध्या पाण्याबरोबर, एनर्जी ड्रिंकबरोबर घेतलं की पोटात साखर इतकी होते की मळमळायला लागतं.

एड स्टेशनबद्दल, म्हणजे वाटेतल्या पाण्याच्या टेबलांबद्दल, जरा जास्त लिहितो, कारण फुलमध्ये ती ओळीने येत राहतात आणि तिथे पडलेली माणसं मी बघितली आहेत. आपल्याकडे बऱ्याच रेसमध्ये ग्लासऐवजी दोनशे मिलीच्या छोट्या बाटल्या देतात. पहिल्या टेबलावर सगळे तुटून पडतात, तिथे जाऊ नका, सरळ शेवटच्या टेबलाकडे बघत या, तिथे व्हॉलंटिअर मोकळा असतो. पंधरा-वीस पावलं आधी त्याच्या डोळ्यात बघून बोट दाखवा, पाणी की इलेक्ट्रोलाइट ते मोठ्याने सांगा, बाटली घेतलीत की कडेला येऊन वीस पावलं चाला आणि चालतच प्या. धावत प्यायलं की अर्धं नाकात जातं, अर्धं शर्टावर, आणि पोटात हवा. चालल्याने जे दहा-बारा सेकंद जातात ते काहीच नाहीत. आणि खाली बघा. अर्ध्या भरलेल्या बाटल्या रस्त्यावर लोळत असतात, झाकणं विखुरलेली असतात, ओल्या रस्त्यावर त्या झाकणावर टाच पडली की घोटा मुरगळलाच. तुमची बाटली डब्यात टाका, मागून हजारो लोक येतायत. आणि त्या पोरापोरींना थँक्यू म्हणा, ते तुमच्या आधी उठून आलेले असतात.

पाणी किती प्यायचं यावर लोक दोन्ही टोकाला जातात. हाफच्या दिवशी एक साधा प्रयोग करा. घरातून निघताना, टॉयलेटला जाऊन आल्यावर, कमीत कमी कपड्यात वजन करा. परत आल्यावर घाम पुसून, तसंच वजन. मधे किती प्यायलात ते लक्षात ठेवा. समजा ६८ किलो होतं, ६६.२ झालं, मधे सातशे मिली प्यायलात. म्हणजे अंगातून अडीच लिटर गेलं, जवळपास तीन तासांत. हा तुमचा आकडा झाला, दुसऱ्याचा वापरू नका. वजन थोडं कमी होणं ठीकच आहे, दोनेक टक्क्यांच्या फार पुढे गेलं तर जानेवारीत जरा जास्त प्या. पण वजन वाढलं असेल, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलात, तर मात्र गंभीरपणे घ्या. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये फिनिशला ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि ज्यांचं धावताना वजन वाढलं होतं त्यांना धोका जास्त होता. चार-पाच तास धावणारे, म्हणजे तुमच्या-आमच्या पेसचे लोकच, भीतीपोटी प्रत्येक स्टेशनवर साधं पाणी पीत जातात. म्हणून एक आड एक इलेक्ट्रोलाइट. तिथे काय देणार आहेत ते आधी कळतं, तेच घरी आणून लाँग रनमध्ये पिऊन बघा. किंवा ओआरएसचं पाकीट खिशात ठेवा, पण ते पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतू नका.

मॅरेथॉन पेसच्या दहा किलोमीटरमध्ये काय बघायचं ते सांगतो. सहाला सुटलात तर आठव्या किलोमीटरला साधारण सात वाजतील, डिसेंबरमध्ये तेव्हाच उजाडतं. म्हणजे तुमचे ते दहा किलोमीटर ऊन चढताना होणार. ते चांगलंच आहे. दमट हवेत पेस तोच ठेवला तरी हार्ट रेट हळूहळू वर सरकतो, घाबरू नका, पण बाराव्या-तेराव्याला तुम्हाला चार-पाच शब्दांचं वाक्य एका दमात बोलता येत नसेल तर ६:३८ आज तुमचा मॅरेथॉन पेस नाही. ६:५० ला या आणि त्याच पेसने अठरापर्यंत जा. यात हरण्यासारखं काही नाही, ही माहिती जानेवारीत बाविसाव्या किलोमीटरला मिळण्यापेक्षा आत्ता मिळालेली लाख पटीने बरी. उलट अठराव्याला वाटलं की अजून खूप आहे, तर तसंच वाटायला पाहिजे, तिथेच हळू व्हा. शेवटच्या तीन किलोमीटरला बाजूने लोक जोरात जातील, बँड वाजत असेल, माइकवर नाव पुकारतील. सगळ्यात अवघड भाग तोच असतो, मी तर म्हणेन दहा किलोमीटर पेसने धावण्यापेक्षा शेवटचे तीन ७:१५ ने धावणं अवघड. ते जमलं तर जानेवारीच्या पहिल्या दहा किलोमीटरमध्ये, मरीन ड्राइव्हच्या उत्साहात, स्वतःला आवरणं तुम्हाला जमेल.

पाम बीच सपाट आहे. पेस शिकायला उत्तम, चढ शिकायला नाही. मुंबईच्या रूटवर चढ आहेत, म्हणून हाफने समाधान मानू नका, मधल्या आठवड्यात एकदा पारसिक हिल नाहीतर खारघर हिलला जा, ठाणेकर असाल तर येऊर आहेच, उपवनच्या बाजूने वर, चढताना हळू आणि उतरताना त्याहून सांभाळून. आणि सपाट रस्त्याच्या कडेला उतार असतो पाणी जायला, अडीच तास एकाच कडेने धावलं की एका गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. रस्ता बंद असेल तेव्हा मधून धावा. यू-टर्नला ठेवलेल्या ट्रॅफिक कोनच्या अगदी जवळून गर्रकन वळू नका, चार पावलं जास्त गेली तरी चालतील.

थोडं बाकीच्यांबद्दल. हळू धावणार आहात तर हळूच्या होल्डिंगमध्ये उभे राहा, बिबवर पुढचा सेक्शन मिळाला असला तरी मागे जायला कुणी अडवत नाही. ग्रुपने चार जण आडवे भिंत करून धावू नका, दोघांच्या वर नको, चालायचं असेल तर हात वर करून डावीकडे या. मागून कुणीतरी त्याच्या आयुष्यातली मोठी रेस धावत असतो. आणि कटऑफ, म्हणजे रेस संपवायची शेवटची वेळ, बघून ठेवा, तुम्हाला २:२७ ला अडचण नसावी, पण ज्यांचा आरामाचा पेस आठ-साडेआठ आहे त्यांनी नक्की बघा.

आणि बिब कुणाला देऊ नका, किंवा दुसऱ्याचा घेऊ नका. ‘मी येत नाहीये, तू धाव माझ्या नावाने’ हे आपल्याकडे सर्रास चालतं. बिबच्या मागे ब्लड ग्रुप, घरच्यांचा नंबर, काही आजार असेल तर तो, हे सगळं त्या माणसाचं असतं. तुम्ही रस्त्यात पडलात तर मेडिकलवाले दुसऱ्याच्याच घरी फोन करणार, आणि तिकडे घरी बसलेल्या माणसाच्या बायकोला कळणार की नवरा कोसळलाय. तुमच्या बिबची मागची बाजू आदल्या रात्री पेनाने नीट भरा, बरेच जण ती कोरीच ठेवतात.

त्या आठवड्याचं बाकीचं सोपं आहे. हाफसाठी वेगळा टेपर नको. मंगळवारचा रन नेहमीसारखा, गुरुवारचा टेम्पो, म्हणजे जलद रन, मात्र त्या आठवड्यात सोडा, त्याऐवजी आठ किलोमीटर आरामात, कारण रविवारी तुम्ही पेसचं काम करणारच आहात. शनिवारी सुट्टी किंवा वीस मिनिटं पाय मोकळे. तीन-चार दिवसांत ताप येऊन गेला असेल, अँटिबायोटिक चालू असेल, तर धावूच नका, बिबचे पैसे गेले तर गेले. छातीत दडपण, डाव्या हातात दुखणं, चक्कर, अंगावर काटा येऊन घाम थांबणं, यातलं काहीही झालं तर त्याच जागी थांबून पहिल्या व्हॉलंटिअरला सांगा. चाळिशीच्या पुढच्यांनी फुलच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवून ईसीजी, स्ट्रेस टेस्टबद्दल विचारलेलं असावं, डिसेंबर म्हणजे तसा उशीरच. आणि आता थंडीत आपल्याकडे हवा खराब असते, आदल्या संध्याकाळी ‘समीर’ ॲपवर नवी मुंबईचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा आकडा, बघा, दमा असेल आणि आकडा तीनशेच्या वर असेल तर मी माझ्या ग्रुपमधल्या माणसाला घरी थांबवतो.

जोर लावून हाफ कुणी धावावी? ज्यांच्या दोन-तीन फुल झालेल्या आहेत, आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर गेले काही महिने सलग चालू आहेत, आणि ज्यांना जानेवारीचं टार्गेट नक्की करायला खरा आकडा हवाय. त्यांच्यासाठी पाच आठवडे आधीची हाफ छान जागा आहे, फक्त मग त्या आठवड्यात २६ चा हट्ट सोडायचा आणि पुढचे आठ-दहा दिवस फक्त आरामाचे रन. एकाच रविवारी रेस पण आणि लाँग रन पण, हे त्यांनीही करू नये. ऑगस्टमधली ठाण्याची वर्षा मॅरेथॉन धावलेले बरेच जण डिसेंबरच्या हाफशी तो टाइम ताडून बघतात. पावसाळ्यातली दमट हवा, ठाण्याचे चढउतार आणि डिसेंबरचा सपाट पाम बीच, टाइम आठ-दहा मिनिटांनी सुधारला तरी ती सगळी फिटनेस नसते, त्यावरून जानेवारीचं टार्गेट खाली आणू नका.

फिनिशनंतर मेडल घेऊन लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला, अर्ध्या तासात काहीतरी खारट आणि काहीतरी प्रोटीनचं पोटात जाऊ द्या, पोहे चालतील, बरोबर दूध किंवा दोन अंडी. स्प्रे मारून घ्यायला रांग लावायची गरज नाही. पेनकिलर तर धावण्याआधी, मधे, लगेच नंतर, कधीच नको, घामाने पाणी कमी झालेलं असताना किडनीवर ताण येतो. सोमवारी सुट्टी. सकाळी जिना उतरून बघा, मांड्या थोड्या भरलेल्या असणं ठीक आहे, पण कठडा धरून उतरावं लागत असेल तर तुम्ही ठरल्यापेक्षा जास्त धावलात, मंगळवार पण सोडा. उतरता येत असेल तर मंगळवारी पाच किलोमीटर आरामात, गुरुवारी नेहमीचा रन, पुढच्या रविवारी अठरा-वीस, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तो ३२. हाफच्या दिवशी काय खाल्लं, कुठे घासलं, किती वजन कमी झालं, कितव्या किलोमीटरला बोलता येईनासं झालं, हे त्याच दुपारी फोनमध्ये लिहून ठेवा, त्या ३२ च्या आधी ते वाचून जेल आणि पाण्याचं प्रमाण बदलता येईल.